पोरगं कोणाकडे आहे?

परीक्षा संपल्या आणि एप्रिल सरत आला की वसाहतीत संध्याकाळच्या गप्पांना एकच विषय असतो. यंदा सुट्टीत कुठं जायचं? पूर्वी याचं उत्तर ठरलेलं होतं, गावी जायचं. आता अनेकांची गावाकडची घरं बंद आहेत, म्हातारी माणसं मुलांकडे शहरात आली आहेत. मुलं म्हणतात, समुद्रावर जाऊ. थोरला भाऊ म्हणतो, जायचं तर सगळ्यांनीच जाऊ. मग यादी वाढत जाते. दोघे भाऊ, त्यांच्या बायका, मुलं, आई, एकटी राहणारी आत्या, बहीण, मेहुणे, आणि मेहुण्यांची आई घरी एकटी कशी राहील म्हणून तीही. मोजून चौदा माणसं होतात. त्या चौदांत एक दीड-दोन वर्षांचं लेकरू असतंच. आजचं हे लिखाण त्या लेकरासाठी आणि त्याच्या आईसाठी आहे.

आपल्या माणसांचं आणि समुद्राचं नातं जुनं आहे, पण ते सहलीचं नव्हतं, कष्टाचं होतं. माता रमाईंचं वणंद गाव दापोलीजवळ आहे. त्यांचे वडील दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या वाहून बाजारात पोचवत. कोकणातली किती माणसं बोटीत बसून मुंबईच्या गिरणीत आणि गोदीत कामाला आली. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी बायाबापड्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो ६ डिसेंबरला, चैत्यभूमीला वंदन करून मागच्या वाळूत उतरल्यावर. पायाला पाणी लावलं, घटकाभर बघत उभ्या राहिल्या आणि गाडीच्या वेळेला दादर स्टेशनकडे वळल्या. नुसतं बसायला, खेळायला, भिजायला म्हणून समुद्रावर जाणारी आपल्यातली ही पहिली किंवा फार तर दुसरी पिढी आहे. तेव्हा जावंच. समुद्राला तिकीट नाही आणि तिथं कोणी कोणाला जात विचारत नाही.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्यात पोहता येणारी माणसं कमी, बायका तर त्याहून कमी. ज्यांना गावच्या विहिरीला हात लावू दिला नाही, त्यांना पोहायला शिकवणार कोण? चवदार तळ्याचं ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. तिथं पोहण्याचं नाव कुठलं? म्हणून चौदा माणसांच्या सहलीत पट्टीचा पोहणारा एकही नसतो, असं अनेकदा होतं. असला, तरी तळ्यात पोहणं वेगळं आणि लाटेत पोहणं वेगळं. ज्या घरात पाण्यात उडी मारून मुलाला काढणारं कोणी नाही, त्या घरानं मूल पाण्यात जाऊच नये याची व्यवस्था आधी करायला हवी.

सगळे बघतात, म्हणून कोणीच बघत नाही

माझ्या नणंदेच्या घरची गोष्ट सांगते. दोन वर्षांमागे मे महिन्यात त्यांच्याकडची तेरा माणसं दापोलीजवळच्या मुरुडच्या किनाऱ्यावर गेली होती. धाकट्या सुनेची मुलगी तेव्हा एकवीस महिन्यांची. नुकती पळायला शिकलेली. संध्याकाळचे पाच वाजले असतील. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं, म्हणून सगळेच निर्धास्त. आजीनं पोरीला वाळूत खेळायला बसवलं. थोड्या वेळानं आजीच्या गुडघ्यात कळ आली. ती उठून चटईवर जाऊन बसली आणि पोरीच्या काकाला म्हणाली, "बघ रे जरा तिच्याकडं." काकानं मान हलवली. तेवढ्यात घोडागाडीवाला आला, मोठी मुलं ओरडायला लागली, काका पैसे द्यायला गेला. त्याला वाटलं, आत्या आहे तिथंच. आत्या भेळेच्या गाडीपाशी होती. तिला वाटलं, आजी आहे. बाप मेहुण्यांचे फोटो काढत होता. त्याला वाटलं, एवढी माणसं आहेत!

ओहोटीचं पाणी मागं सरताना वाळूतल्या खळग्यात साचून राहतं. मोठ्या माणसाच्या पोटरीलाही लागणार नाही एवढं पाणी. पोर कुत्र्याच्या मागं धावली आणि त्या डबक्यात पालथी पडली. आवाज झाला नाही. किनाऱ्यानं घरी चाललेल्या गावातल्या एका बाईनं ते पाहिलं, हातातली टोपली टाकून धावली आणि पोरीला उचललं. पोर ठसकली, ओकली, मग मोठ्यानं रडली. त्या बाईनं विचारलं, "पोरगं कोणाचं हो?" तेव्हा कुठं सगळेजण वळून बघायला लागले.

आई कुठं होती? ती खोलीवर होती. मोठ्या जावेबरोबर रात्रीच्या भाकऱ्या थापत होती. आणि परत आल्यावर सगळ्यात जास्त बोलणी कोणाला बसली असतील? तिलाच. "स्वतःच्या पोरीकडं लक्ष नको?" असं तिला ऐकवणाऱ्यांत तिनं थापलेल्या भाकऱ्या खाणारे सगळे होते. पुढं महिनाभर त्या घरात एकच वाद चालला, पोर तुझ्याकडं होती की माझ्याकडं. खरं म्हणजे ती कोणाकडंच नव्हती.

यात कोणी वाईट माणूस नाही. आजी प्रेमळ, काका मुलीवर जीव टाकणारा, बाप साधा. घरात दोन माणसं असली की दोघांनाही माहीत असतं की मूल आपल्यावर आहे. माणसं बारा झाली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. मोठं कुटुंब हा आपला आधार आहे यात शंका नाही. दुखण्याखुपण्याला, बाळंतपणाला, अडीअडचणीला तेच धावून येतं. पण पाण्याच्या काठी हाच आधार फसवा होतो. "जरा बघ रे" हे सांगणं नव्हे आणि मान हलवणं हे ऐकणं नव्हे.

बुडणारं मूल ओरडत नाही

आपली समजूत अशी की कोणी बुडत असेल तर हात वर करील, वाचवा म्हणेल, पाणी उडेल, आपल्याला कळेलच. सिनेमात तसं दाखवतात. प्रत्यक्षात बुडणाऱ्याला ओरडायला श्वास उरत नाही. लहान मूल तर अजिबात आवाज करत नाही. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड असतं, हातात जोर कमी असतो. पाण्यात पालथं पडलं तर त्याला तोंड वर उचलून धरता येत नाही. त्यासाठी खोल पाणी लागत नाही. नाक आणि तोंड बुडेल एवढं, चार बोटं पाणीही पुरतं. घरातल्या बादलीत आणि पाण्याच्या पिंपात मुलं बुडतात ती याच कारणानं. वेळही फार लागत नाही. फोनवर एक निरोप लिहून होईपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.

म्हणून या वयाच्या मुलाजवळ राहायचं म्हणजे हात लांब केला की मूल हाताला लागेल इतकं जवळ राहायचं. चटईवरून लक्ष ठेवणं याला काही अर्थ नाही. नजर पोचते, पण पाय पोचायला वेळ लागतो आणि मऊ वाळूत तर पळताही येत नाही. बाजारात मिळणारी फुगवायची चाकं आणि दंडाचे फुगे यांच्यावर विसंबू नका. ती खेळणी आहेत. लाटेनं उलटतात, वाऱ्यानं आत ओढली जातात. मुलाला कडेवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात जाण्याची हौसही नको. लाट आली की मोठ्या माणसाचा पाय सुटतो आणि मूल हातातून निसटतं.

पाळी लावा, नाव घेऊन लावा

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला पैसा लागत नाही. वसाहतीत नळाला पाळी असते, बुद्धविहार झाडायला पाळी असते. तशीच मुलाची पाळी लावायची. अर्ध्या तासाची एक पाळी. एका वेळी एकच माणूस, आणि त्याचं नाव सगळ्यांना माहीत. ज्याची पाळी, त्याच्या गळ्यात एक लाल रुमाल बांधायचा. रुमाल कोणाच्या गळ्यात आहे हे लांबूनही दिसतं. अर्धा तास झाला की रुमाल काढून दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि तोंडानं बोलायचं, "आता बाळ तुमच्याकडं." समोरच्यानं म्हणायचं, "हो, माझ्याकडं." हे शब्द उच्चारल्याशिवाय पाळी बदलली असं धरायचं नाही. पाळीवर असताना लघवीला जायचं असेल, तरी रुमाल दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच जायचं.

पाळीवरच्या माणसाचा मोबाइल दुसऱ्याकडे राहील. फोटो काढायचे असतील तर ते काम ज्याची पाळी नाही त्याचं. दहा-बारा वर्षांच्या ताईवर किंवा दादावर बाळ सोपवू नका. ती मुलंच आहेत, त्यांनाही खेळायचं आहे, आणि काही झालं तर तो घाव त्यांनी जन्मभर का वागवावा? आजी-आजोबांनी मांडीवर घ्यावं, गोष्ट सांगावी, वाळूचं घर करावं. पण ज्यांना पटकन उठता येत नाही त्यांना पाण्याजवळची पाळी देऊ नये.

आणखी एक स्पष्ट सांगते. समुद्रावर गेलं की काही पुरुषांना बाटलीची आठवण होते. "सुट्टी आहे, थोडी चालते" असं म्हणतात. मद्य न घेण्याचं शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो, ते काय फक्त म्हणण्यापुरतं? आणि शील बाजूला ठेवलं तरी हिशेब सोपा आहे. प्यालेला माणूस मुलाला सांभाळू शकत नाही, स्वतःलाही सांभाळू शकत नाही. त्याला पाळी नाही आणि त्यानं पाण्यातही जायचं नाही. हे घरातल्या मोठ्या बाईनं निघण्याआधीच सगळ्यांसमोर सांगावं.

आईलाही समुद्र दिसू द्या

आता त्या खोलीवरच्या आईकडे येऊ. चौदा माणसांची सहल म्हणजे चौदा माणसांचं दोन वेळचं जेवण, दोन वेळचा चहा आणि ओल्या कपड्यांचे ढीग. घरात चार माणसांचं करणारी बाई सुट्टीत चौदा जणांचं करते आणि परत आल्यावर सगळे तिला विचारतात, "मजा आली ना?" भाजी तिनं चिरायची, मासे तिनं तळायचे, बाळाची ओली चड्डी तिनं बदलायची आणि बाळ पडलं तर बोलणीही तिनंच खायची. याला सहल म्हणत नाहीत. कामाची जागा बदलली एवढंच.

पाळी ही पुरुषांनीही करायची आहे. बाप, काका, मामा, मेहुणे सगळ्यांनी. दिवसात बाळ आठ तास बाहेर असेल तर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सोळा पाळ्या होतात. सहा धडधाकट माणसं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन पाळ्या येतात. एवढ्यानं कोणाची सुट्टी बुडत नाही. उलट आईला सलग दोन तास मोकळे मिळतात. लग्नानंतर सलग दोन तास तिचे स्वतःचे कधी झाले होते, हे तिलाच विचारा.

जेवणाचंही तसंच. एक वेळ बाहेर जेवा. किनाऱ्याजवळच्या गावात घरगुती खानावळी असतात, आधी सांगितलं की माणशी हिशेबानं भाकरी, भात, माशाचं कालवण करून देतात. एक वेळ साधी खिचडी-पापड करा आणि ती पुरुषांनी करावी. खिचडी बिघडायला फारसं काही नसतं. हर्णैला संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव चालतो. बघण्यासारखा असतो. पण तिथून टोपलीभर मासे घेताना, ते साफ कोण करणार हे आधी ठरवा आणि मग बोली लावा.

आजीला विसरू नका. साठ-सत्तर वर्षं धुणीभांडी, बांधकाम, शेतमजुरी केलेली ती बाई "मी इथंच बसते, तुम्ही जा" असं म्हणणारच. तिचं ऐकू नका. दोघांनी दोन्हीकडून हात धरा आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी करा. पायाखालची वाळू सरकली की ती घाबरेल आणि मग हसेल.

पाण्याची वेळ ओळखा

समुद्राला वेळापत्रक आहे. दिवसातून साधारण दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांच्या थोडं वर जातं आणि दर दिवशी भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. कोकणात जुन्या माणसांचा हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. घरात पाऊणकी पाठ असलेले आजोबा असतील तर त्यांना विचारा. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. हा ढोबळ हिशेब आहे. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून गावात पोचल्यावर कोळी बांधवांना विचारावं. त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरतीचं पाणी जास्त वर चढतं आणि ओहोटीला जास्त लांब जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, तेव्हा चढउतार कमी. हे आपल्याला खास लक्षात ठेवायला हवं, कारण बुद्धपौर्णिमेची सुट्टी धरून पुष्कळ कुटुंबं सहल आखतात. त्या दिवशी वंदना, खीरदान आटोपून दुपारी किनाऱ्यावर पोचलात तर पाणी वरपर्यंत आलेलं असेल आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते जोरानं मागं ओढत राहील. त्या ओहोटीच्या ओढीत मोठ्यांनीही गुडघ्याच्या पुढं जाऊ नये. बाळानं तर लाट पोचते त्या रेषेच्या अलीकडे, कोरड्या वाळूतच खेळावं.

ओल्या वाळूत खड्डे करून द्या, मुलांना आवडतं. पण खड्डा बाळाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको. वाळू ढासळते. आणि ओहोटीनं मागं ठेवलेली डबकी पोचल्या पोचल्या बघून ठेवा.

मोठ्या मुलांनाही सैल सोडू नका. १ फेब्रुवारी २०१६ ला रायगड जिल्ह्यातल्या मुरुड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ कॉलेज विद्यार्थी बुडाले. लहान पोरं नव्हती, शिकलीसवरलेली तरणीताठी मुलं होती. जिथं गावकरी उतरू नका म्हणतात, तिथं उतरायचं नाही. काही किनाऱ्यांवर ग्रामपंचायतीनं जीवरक्षक नेमलेले असतात, ते जिथं उभे असतात तिथंच भिजावं. लाल निशाण दिसलं तर पाण्यात पाय घालू नये. पाण्याच्या ओढीत कोणी सापडलंच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजत येऊ नये, दम तुटतो. किनाऱ्याला समांतर, आडवं सरकावं आणि ओढ संपली की बाहेर यावं. आणि कोणी बुडताना दिसलं तर एकामागून एक उड्या मारू नका. साडी, दोरी, काठी, पाण्याचा रिकामा कॅन, जे हाताला येईल ते त्याच्याकडे फेका. एकाला वाचवायला गेलेली दोन-तीन माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळायला लागतो. जून-जुलैत कोळीसुद्धा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. तेव्हा पावसाळ्यात बाळाला घेऊन पाण्याजवळ जाऊच नये. दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात चांगले. हवा बरी असते आणि पाणीही शांत असतं.

ऊन, वाळू आणि पोट

उन्हाळ्यात समुद्रावर सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी चारनंतरच जावं. मधल्या वेळेत वाळू एवढी तापते की बाळाचा तळवा भाजतो. बाळाला सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि कानांवर येणारी टोपी घालावी. उघडं नागडं खेळू देणं दिसायला गोड दिसतं, पण रात्री पाठ लाल होऊन पोर रडतं. वाळू डोळ्यात गेली तर चोळू नका, स्वच्छ पाण्याची धार सोडा. बाहेर आल्यावर गोड्या पाण्यानं अंघोळ घालून मांड्यांच्या आणि मानेच्या घड्या कोरड्या करा, नाहीतर खाज सुटते.

उकळलेलं पाणी बरोबर ठेवा. शहाळं मिळालं तर उत्तम, तेही समोर फोडून घेतलेलं. बाळाच्या जेवणात बदल करू नका. घरून नाचणीचं सत्त्व, भाजलेल्या डाळ-तांदळाचं पीठ, चुरमुरे न्यावेत. केळी तिथं मिळतात. गाडीवरचा बर्फाचा गोळा बाळाला नको. जुलाब-उलटी सुरू झाली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं पाजत राहा. बाळ अंगावर पीत असेल तर दूध बंद करू नका. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं तर वेळ न घालवता दवाखाना गाठा.

प्रसंग ओढवलाच तर

हा भाग कापून पाकिटात ठेवावा. बुडालेल्या मुलाला बाहेर काढल्यावर आपल्याकडे पाय धरून उलटं टांगतात, डोक्यावर घेऊन गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढतात. यातलं काहीही करू नका. त्यानं वेळ जातो आणि पोटातलं पाणी छातीत उतरतं.

मुलाला उताणं सपाट ठेवा. श्वास चालू आहे का बघा. नसेल तर हनुवटी किंचित वर उचला, नाक चिमटीत धरा, त्याच्या तोंडावर आपलं तोंड ठेवून छाती वर येईल एवढाच हळू श्वास द्या. असे पाच श्वास आधी द्या. तान्हं मूल असेल तर त्याचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात धरा. मग छातीच्या मधोमध एका हाताच्या तळव्यानं, तान्ह्या मुलाला दोन बोटांनी, छाती एक तृतीयांश दबेल असं भराभर तीसदा दाबा. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीसदा. मदत येईपर्यंत किंवा मूल श्वास घेईपर्यंत थांबू नका. दुसऱ्या माणसानं तेवढ्यात १०८ ला फोन लावावा. तो लागला नाही तर ११२. मूल शुद्धीवर आलं, रडलं, तरी दवाखान्यात दाखवाच. छातीत पाणी गेलं असेल तर त्रास काही तासांनीही सुरू होतो.

निघण्याआधी एक बैठक

सहलीतली भांडणं पैशावरून आणि कामावरून होतात. म्हणून निघण्याच्या आठ दिवस आधी सगळ्यांनी एकत्र बसावं. बायकांनाही बोलावं, आणि त्यांना चहा करायला पाठवू नये. तीन गोष्टी ठरवाव्यात.

पहिली पैशाची. वर्गणी घराप्रमाणे न काढता माणसाप्रमाणे काढा, आणि ज्या भावाचा रोज बुडणार आहे त्याला थोडी सूट द्या. एस.टी.नं गेलात तर २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या माणसांना २०२२ पासून तिकीटच नाही आणि पाच वर्षांखालचं मूलही फुकट. चौदा माणसांत यानं बरीच बचत होते. आधार कार्डं मात्र बरोबर ठेवा.

दुसरी कामाची. स्वयंपाक, भांडी, कपडे, सामान, प्रत्येकासमोर नाव लिहा, पुरुषांची नावंही.

तिसरी बाळाची. पाळ्यांचा कागद तयार करा आणि लाल रुमाल पिशवीत सगळ्यात वर ठेवा.

काहीजण हसतील. सहलीला चाललोय की कवायतीला, असं म्हणतील. त्यांना हसू द्या. आपल्या आया-आज्यांनी मुलं पाठीला बांधून खडी फोडली, मातीची पाटी उचलली. त्यांच्याकडे मूल सोपवायला दुसरं कोणी नव्हतं, तरी त्यांनी ती जगवली. आज आपल्याकडे माणसं आहेत, चार दिवस सुट्टी आहे, गाडीभाड्याचे पैसे आहेत. एवढी माणसं असताना मूल एकटं पडू नये आणि त्याची आईही एकटी पडू नये.

किनाऱ्यावर दर थोड्या वेळानं कोणीतरी मोठ्यानं विचारावं, "पोरगं कोणाकडे आहे?" आणि प्रत्येक वेळी एकाच माणसानं हात वर करून सांगावं, "माझ्याकडं आहे." दोन हात वर आले तरी चूक आणि एकही आला नाही तरी चूक. एकच हात वर असला की बाकीच्यांनी खुशाल भिजावं.

सुट्टी सुखाची जावो. जयभीम.